लक्ष नाही

बाळं कसा विचार करतात यावर संशोधन करायला शिकण्यासाठी मी त्या प्रयोगशाळेत गेले, आणि मला एका काळ्या पडद्यामागे बसवलं. पडद्याला डोळ्याएवढं भोक. पलीकडे आईच्या मांडीवर सात महिन्यांचं बाळ आणि त्याच्यासमोर भिंतीतून आरपार गेल्यासारखा दिसणारा चेंडू. बाळ चेंडूकडे बघतंय तोवर मी बटण दाबून धरायचं. न उमगलेल्या गोष्टीकडे बाळ जास्त वेळ बघतं, एवढ्या एका भांडवलावर आमच्या मॅडमचा सगळा तोरा.

रडकी, पेंगुळलेली, दूध मागणारी बाळं वहीत ‘बाद’ व्हायची. हे बाळ तर चेंडूकडे बघेचना.

“बाद लिही,” मॅडम म्हणाल्या.

आई ताडकन उठली. “बाद? नासका आंबा आहे का माझं लेकरू?”

मॅडम गोड हसल्या. मला त्या हसण्याची शिसारी आली, आणि तरी मी मुकाट्याने लिहिलं: ‘बाद. लक्ष नाही.’

माझ्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी हाच शेरा असायचा. लक्ष नाही म्हणजे आम्ही दाखवू तिकडे नाही, एवढंच. ते लिहिणाऱ्या बाईंचा मी अजून राग करते.

आणि मी बाळाला दिलेला शेरा तर चक्क खोटा होता. बाळ सगळा वेळ पडद्याच्या भोकाकडे, माझ्या एकुलत्या डोळ्याकडे टक लावून बघत होतं. चेंडूकडे इतका वेळ आजवर एकाही बाळाने बघितलं नव्हतं.