वाटेत लागलेलं दौंड
लसणाची चटणी कुटायला घेतली की मला जयपूरला अडकलेलं आमचं विमान आठवतं. निघालो होतो पुण्याहून दिल्लीला, पण दाट धुक्यामुळं दिल्लीवर घिरट्या घालण्यातच इंधन संपत आलं आणि ते भरायला विमान जयपूरला उतरवलं. दार कुणी उघडेना, आत कोंदटायला लागलं, आणि लोक हवाईसुंदरीवर असे तुटून पडले की पोरगी रडकुंडीला आली. माझ्या शेजारी दौंडजवळच्या खुटबावच्या एक मावशी होत्या, पहिल्यांदाच विमानात बसून बाळंतीण लेकीकडं निघालेल्या. त्या उठून म्हणाल्या, "तिच्यावर का वरडताय? दौंडला इंजिन फिरवाय गाडी थांबायची, तवा आमी जेवनाचं डबं सोडायचो. सोडा की!" डबा कुणाकडंच नव्हता. मग त्यांनीच पिशवीतला डबा काढला, पहिलं धपाटं चटणी लावून त्या पोरीच्या हातात दिलं आणि बाकीची मागंपुढं वाटली. सगळ्यात जास्त ओरडणारा गृहस्थ आता बोटं चाटत होता. रिकामा डबा बघून मी विचारलं, "मावशी, आता लेकीला काय देणार?" त्या हसल्या, "वाटंत दौंड लागलं म्हनून सांगीन. तिला कळंल." हल्ली कुठंही निघाले की मी चार धपाटी जास्तीची बांधते. दौंड कुठं लागेल, सांगता येत नाही.