जीपमधली पट्ट्याची खुर्ची

आमच्या घरात जीप आली त्याच सुमारास माझा मुलगा पाऊल टाकायला शिकला आणि त्याच्या बापाचे पाय जमिनीला लागेनासे झाले. लष्कराने मोडीत काढलेली जीप होती. नवऱ्याने ती लिलावात घेतली, कापूस विकल्यावर तिला नवे टायर बसवले आणि हिरवा रंग मुद्दाम तसाच ठेवला. साठ सालानंतरची ती वर्षं. आमच्या कळसाडी गावाच्या आसपास तोवर माणसं बैलगाडीच्या नाहीतर सायकलच्या चालीने चालत होती. आमचा हा बाबा रस्त्याला लागला की कोंबड्या, शेळ्या, म्हातारेकोतारे सगळे बांधावर चढून उभे राहायचे. हॉर्नने कोणी हललं नाही तर शिवी, शिवीने हललं नाही तर खाली उतरून थोबाडीत. तो हात घरी येताना काही खुंटीला टांगून येत नसे. माझ्या उजव्या कानाने आज कमी ऐकू येतं, ती त्याचीच देणगी.

मी तरी कुठली गरीब गाय? माहेरी मला मिरची म्हणायचे. त्याने जेवणाचं ताट भिरकावलं तर मी वरणाचं पातेलं भिरकावायची. एकदा त्याने केस धरले तेव्हा मी चुलीतलं जळतं लाकूड उपसलं होतं. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, आमच्या घरात भांड्यांपेक्षा भांड्यांचे पोचे जास्त. पण एक नेम मी पाळला होता. भांडण पेटायची चिन्हं दिसली की आधी पोराला सासूबाईंच्या खोलीत ढकलायची, कडी लावायची आणि मग काय व्हायचं ते होऊ द्यायची. पोराने बापाचा हात पाहू नये, एवढंच मला हवं होतं. हात पाहिला की हात शिकतो. माझा नवरा त्याच्या बापाकडूनच शिकला होता.

जीप आली आणि माझी कडी कामाची राहिली नाही. नवरा पोराला दोन गुडघ्यांच्या मध्ये घेऊन गाडी चालवायचा. पोराचे हात स्टिअरिंगवर ठेवायचा आणि रस्त्यावरच्या माणसांना ओरडून सांगायचा, "मन्हा वाघ शे हाऊ!" एक दिवस केळीच्या मळ्याजवळ म्हैस आडवी आली. त्याने कचकन ब्रेक दाबला आणि वाघाचं तोंड स्टिअरिंगवर आदळलं. वरचा ओठ फाटला, दुधाचा एक दात आत गेला. पोर किंचाळायला लागलं तर बापाने आधी त्याला एक ठेवून दिली, रडतो म्हणून. मग उतरून म्हशीच्या मालकाला दिली. मी मागच्या बाकावर होते. पोराचं रक्त पदराने पुसता पुसता मी ठरवलं, हे पोर या गाडीत बसेल तर बांधून बसेल.

न बसवणं माझ्या हातात नव्हतंच. दवाखाना, बाजार, माझं माहेर, सगळीकडे आता जीपच जायची. नाही म्हटलं असतं तर नवरा एकटाच घेऊन गेला असता.

आधी सासूबाईंच्या सांगण्यावरून जीपच्या टपाच्या लोखंडी दांड्याला झोळी बांधून पाहिली. पहिल्याच खड्ड्यात झोळी हिंदकळली आणि कपाळावर टेंगूळ आलं. मग बांबूची टोपली आणली, ती वळणावर घसरत जाऊन दाराशी थांबली. दार म्हणजे काय, नुसती साखळी. तिसऱ्या खेपेला मी सुताराला बोलावलं आणि सांगितलं, पुढच्या दोन सीटांच्या मधल्या जागेत बसेल अशी छोटी खुर्ची कर, दोन्ही बाजूंना हात असलेली. त्याने विचारलं, तोंड कुठे? मी म्हटलं, मागे. तो हसला. मी त्याला बैलगाडीची आठवण करून दिली. बैल एकदम थबकले की चालत्या बाजूला पाठ करून बसलेल्या बाईची पाठच तेवढी मागे रेटली जाते, तिच्या कडेवरचं लेकरू जागचं हलत नाही. पुढे तोंड करून बसलेली बाई जुवावर जाऊन पडते. त्याला ते पटलं की माझ्या आवाजाला तो घाबरला, माहीत नाही. पोर वाढलं की खुर्ची फिरवता यावी म्हणून मी चार बोल्टांची भोकं दोन्ही बाजूंनी पाडायला लावली. दर वर्षी सागवान कुठून आणायचं? पहिल्यांदा त्याने भोकं तिरकी पाडली तेव्हा आमची जुंपली आणि खुर्ची अंगणात पडून राहिली. चार दिवसांनी तो आपणहून आला आणि नीट करून गेला.

पट्टा मी बैलाच्या गळ्यातला घेतला. घुंगरं काढली, चामड्याला तेल चोळलं, एक पट्टा कमरेला आणि दुसरा कापून दोन्ही खांद्यांवरून. ते पाहून सासूबाईंचा पारा चढला.

"ढोर शे का तो? जित्ता पोऱ्याले कोन बांधस वं? मानूस बांधीसन जास ते तिरडीवर!"

"आज नही बांधा ते तठेच बांधना पडी, आत्याबाई."

त्यांनी माझ्या तोंडावर मारलं. सुनेने असं अभद्र बोलू नये हे मलाही कळत होतं. पण बोलले ते खरं होतं. गालावर पाच बोटं घेऊन मी खुर्चीच्या गादीत घरचा कापूस भरत बसले.

खुर्ची वापरायला लागल्यावर एकेक गोष्ट कळत गेली. पोर झोपलं की मान लटकायची, म्हणून जुन्या लुगड्याच्या दोन वळकट्या डोक्याच्या दोन्ही अंगांना शिवल्या. उन्हाळ्यात पट्ट्याचं बक्कल इतकं तापायचं की एकदा मांडीवर चट्टा उठला. मग त्याला कापडाचं पांघरूण केलं. पट्टा सैल असला की पोर खाली घसरायचं, घट्ट असला की दूध ओकायचं. शेवटी मी मोजमाप ठरवलं, पट्ट्याखाली माझी दोन बोटं जायला हवीत, तीन नकोत. पोर अंगाने भरत गेलं तशी खिळा तापवून पट्ट्याला नवीन भोकं पाडायची. चामडं जळल्याचा वास घरभर पसरायचा आणि सासूबाई नाकाला पदर लावून बाहेर जायच्या.

ती दोन वर्षं मला फार आवडली, हे सांगायला मला लाज नाही. मी मागच्या बाकावर आणि पोर माझ्याकडे तोंड करून, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. त्याच्या पाठीमागे बाप शिव्या घालत असायचा, गाडी थांबवून कोणाची तरी गचांडी धरत असायचा. मी त्या वेळी भुईमुगाच्या शेंगा फोडून त्याच्या तोंडात घालायची, डोळे फिरवायची, गाणं म्हणायची. बाहेरचा आरडाओरडा वाढला की मी आवाज वाढवायची. लोक म्हणत असतील, नवरा माणसाला मारतोय आणि ही बया गातेय. म्हणोत. पोर माझं तोंड सोडून दुसरीकडे पाहत नव्हतं, तेवढं मला पुरे होतं.

पण पोराचे पाय वाढले. वयाचं तिसरं वर्ष सरता सरता त्याचे गुडघे छातीशी येऊ लागले, माझ्या पोटात लाथा बसू लागल्या. तो कुरकुरायचा, मान वळवून पुढे पाहायचा. खुर्ची फिरवायची वेळ झाली होती हे मला दिसत होतं आणि मी आज नको, उद्या नको करत होते. एका सकाळी मी भाकरी थापत असताना नवऱ्याने पान्हा घेऊन चारही बोल्ट काढले.

"मरदना पोऱ्या उलटं तोंड करीसन बठत नही. म्होरे देखू दे तेले!"

मी पिठाच्या हातानेच धावले आणि पान्हा ओढला. त्याने तो माझ्या मनगटावर हाणला. मी त्याच्या दंडाला चावले, इतकं की दातांना रक्ताची चव लागली. त्या दिवशी पोराला खोलीत ढकलायचं राहून गेलं, पण ते गोठ्याकडे वासराशी खेळत होतं. भांडण संपलं तेव्हा खुर्ची पुढे तोंड करून घट्ट बसलेली होती. पोर तिच्यात बसलं, पाय लांब सोडले आणि खूश होऊन हसलं. त्याला बरं वाटत होतं. मी पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहिली.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी आम्ही शहाद्याला निघालो. वाटेत नाल्याचा उतार होता, एका वेळी एकच गाडी जाईल इतका अरुंद. त्या उतारावर सातपुड्याकडून आलेली एक बैलगाडी बांबू भरून चालली होती. गाडीवान डोंगरातला, उघड्या अंगाचा, पोक्त माणूस. बांबूंची टोकं गाडीच्या मागे लांबवर आलेली. नवऱ्याने हॉर्न दाबून धरला.

"गाडी बाजूले ले! बहिरा शे का?"

तो बाजूला घेणार तरी कुठे? एका अंगाला दगड, दुसऱ्या अंगाला नाला. हॉर्नला भिऊन त्याचे बैल मागे सरले आणि बांबूंनी जीपच्या पुढच्या भागावर करकरत ओरखडा काढला. नवऱ्याने सीटखालचं लोखंडी हँडल काढलं, जे फिरवून जीप चालू करतात ते, आणि उतरला.

पहिला फटका गाडीवानाच्या खांद्यावर बसला. दुसरा पाठीवर.  एका हाताने बैलांचा कासरा धरून गाडीवान तसाच उभा राहिला, कारण कासरा सोडला असता तर गाडी नाल्यात गेली असती. तिसरा फटका डोक्याला चाटून गेला आणि कानामागून रक्ताची धार लागली. मी गाणं म्हणायला तोंड उघडलं. कोणासाठी म्हणणार होते? पोराची पाठ माझ्याकडे होती. त्याच्या समोर काच आणि काचेपलीकडे सगळं उघडं. मला त्याचे फक्त हात दिसले. ते टाळ्या वाजवत होते.

"आबा, आखो!" तो ओरडत होता. आणखी मार म्हणत होता.

मी बाकावरून उडी मारली. नवऱ्याने गाडीवानाचे केस धरण्यासाठी हँडल खाली टाकलं होतं, ते मी उचललं. हाक मारली नाही, थांबा म्हटलं नाही. सरळ त्याच्या कोपरावर हाणलं. हाडाचा आवाज आला. तो माझ्याकडे वळला. मी दुसरा फटका पाठीवर दिला, तिसरा मांडीवर. तो रस्त्यावर बसला, मोडका हात पोटाशी धरून. गाडीवानाने आम्हा दोघांकडे पाहिलं, बैलांना चुचकारलं आणि रक्त न पुसता उतार ओलांडून निघून गेला. बाजाराला चाललेली माणसं लांब थांबली होती. मला फार बरं वाटत होतं. नवऱ्याला मारल्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या हाताने त्याने पुन्हा कोणाला मारलं नाही, तो धड जुळलाच नाही.

मला वाटलं, आता पोराला कळलं असेल की मारणाऱ्यालाही मार बसतो. त्याला उतरवून घ्यावं म्हणून मी जीपकडे वळले.

पट्टा ताणून तो पुढे झुकला होता. डोळे माझ्यावर लागलेले, तोंड लालभडक झालेलं. बापासाठी वाजवल्या त्याहून जोरात तो टाळ्या वाजवत होता.

"माय, आखो! आखो एक मार!"