जकात निम्मी करणारे मेंबर

मूठ घट्ट आवळून ते समोरच्याच्या नाकापुढं धरायचे आणि मग हळूहळू बोटं उघडायचे. "बांधली तर घाम येतो, सोडली तर वारा लागतो. कराचंबी तसंच हाय, बाई."

मी नगरपालिकेच्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात नर्स होते. ते आमच्या भागाचे मेंबर. गुलमंडीच्या बाजाराजवळ त्यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. सगळे त्यांना काका म्हणायचे. असे हौशी मेंबर तुम्हीही पाहिले असतील. पण काकांना तळमळ होती.

ही तळमळ पुस्तकातली नव्हती. निजामाच्या राज्यात बाहेरून येणाऱ्या मालावर करोडगिरी भरावी लागे. एकदा नाक्यावरच्या शिपायांनी त्यांच्या वडिलांची गाडी चिखलात रिकामी केली. वडील खाली बसून एकेक घागर पुसत राहिले. पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांत ते नाके उठले, माल मोकळा येऊ लागला, दुकान वाढलं. पण कर म्हटलं की काकांना तो चिखलच दिसायचा.

मेंबर झाल्यावर ते शहरात येणाऱ्या मालावरच्या नगरपालिकेच्या जकातीच्या मागं लागले. "निम्मी करा. माल दुप्पट येईल, तूट आपोआप भरून निघंल." ठराव मंजूर झाला त्या दिवशी आमच्या वॉर्डात त्यांनी स्वतः पेढे वाटले.

खोटं कशाला सांगू, बाजार खरंच फुलला. माझ्या दिराला एका नव्या दुकानात काम लागलं. पण माल दुप्पट काही झाला नाही, आणि नगरपालिकेची तूट वाढतच गेली. आमच्याकडे आधी कापूस संपला, मग आया कमी केली. मी कुरकुर केली की काका म्हणायचे, "दम धरा. पैसा येतोय. वाटंतच हाय." त्यांचा त्यावर इतका विश्वास होता की रागावताही येत नसे. शेवटी वॉर्डाला कुलूप लागलं आणि मला लस टोचायच्या खोलीत बसवलं.

एका दुपारी दारात टांगा थांबला. आत काकांच्या मुनीमाची बायको कळांनी तळमळत होती. काका उडी मारून खाली उतरले.

"बाई, कुलूप काढा, लवकर!"

"काढून काय करू, काका? आत खाटा नाहीत. डॉक्टरीणबाई नोकरी सोडून जालन्याला गेल्या."

कुलूप लागल्याचं त्यांना ठाऊक होतं. कुलपाआड काहीच उरलं नाही, हे बहुधा तेव्हा कळलं.

मी टांग्यात चढले. मोठा सरकारी दवाखाना लांब. मूल वाटेतच माझ्या हातात आलं. रडलं नाही. आई वाचली. काका पुढं, टांगेवाल्याशेजारी पाठमोरे बसले होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"मुलगी होती."

पुढच्या सभेत त्यांनीच जकात पूर्ववत करायचा ठराव मांडला. दवाखान्यातले आम्ही काहीजण ऐकायला गेलो होतो. एक व्यापारी मेंबर हसत म्हणाला, "काका, सोडली की वारा लागतो, हे तुमीच म्हणत होता ना?"

"व्हय, म्हणत होतो," काका म्हणाले. "करोडगिरीचा पैसा कुठं जायचा, ते आपल्याला कधी दिसलं नाय. जकातीचा हा पैसा आपल्याच बायकांच्या खाटांत होता. मला लई उशिरा कळलं."

ठराव पडला. हात एकच वर झाला, त्यांचा. पुढच्या निवडणुकीत तेही पडले.

मग त्यांनी पदरच्या पैशानं एक टांगा ठेवला. अडलेल्या बायकांसाठी तो दिवसभर बंद वॉर्डासमोर लिंबाखाली उभा असे. मी कौतुक केलं तर म्हणाले, "एका टांग्यानं दवाखाना व्हत नाय, बाई."

ते गेले तेव्हा बाजार बंद राहिला. व्यापारी झाडून सगळे आले. तेराव्यापर्यंत टांगेवालाही येत राहिला. मग एका सकाळी मी कामावर आले, तर लिंबाखाली घोड्याचा वाळलेला घास तेवढा पडला होता. सासूचा हात धरून एक पोटुशी बाई तिथं उभी होती.

"इथं टांगा असतो म्हणं," तिनं मला विचारलं. "कवा येतो?"