सात जणांचं एक तोंड

बाळे गावातल्या आमच्या गल्लीत आतून स्वच्छ तोंडाचा पुरुष एकच, सोमलिंग. बाकीच्यांच्या तोंडात उजाडल्यापासून काही ना काही भरलेलंच असतं, त्यामुळं गल्लीत भांडणंसुद्धा मान वर करून, खालच्या ओठाची वाटी सांभाळत होतात. सोमलिंग लहानपणी दुधनीला मामाच्या चंचीतली तंबाखू चोरून खाऊन दिवसभर ओकला होता, तेव्हापासून त्या वाटेला गेला नाही. म्हणून त्याला निर्व्यसनी म्हणावं, तर तेही खरं नाही. त्याला एक व्यसन होतं आणि ते वडलांकडून आलं होतं. दुसऱ्याच्या जागी उभं राहायचं.

वडील गिरणीत बदली कामगार. भोंगा झाला की गेटवर जाऊन उभे; ज्याचा खाडा असेल त्याच्या मागावर त्या दिवशी हे. बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या मागांवर कापड काढलं, स्वतःच्या नावाचा माग काही मिळाला नाही, आणि मग गिरणीच बंद पडली. सोमलिंग चिंचोळी एमआयडीसीत नटबोल्टच्या कारखान्यात ठेकेदाराकडं लागला, पण अंगातली बदली गेली नाही. कुणाच्या पोरीच्या शाळेत पालकसभा आहे आणि बापाला सुट्टी नाही, तर हा जाऊन बाकावर बसे. रेशनच्या रांगेत चार घरांच्या पिशव्या याच्या हातात. शेजारच्याच्या सासऱ्याच्या दहाव्यालासुद्धा हा एकदा जावयाच्या वतीनं गेला होता, आणि म्हणे खऱ्या जावयापेक्षा जास्त रडला. त्याची बायको गोजाबाई म्हणायची, “ह्यास्नी यमानं दुसऱ्याच्या नावानं हाक मारली तरी हे चप्पल घालून निघतील.”

धनाजी हा त्याचा भिंतीला भिंत लागून शेजारी, आणि कारखान्यात शेजारच्याच मशीनवर. माणूस दिलदार, गप्पिष्ट, आणि डाव्या गालात तंबाखू-सुपारीचा मावा इतका कायमचा की त्याचा फोटो काढला तरी गालगुंड झाल्यासारखा दिसे. त्या डाव्या गालात आतून एक पांढरा चट्टा उठला होता. घासला तरी निघत नव्हता. शेंगाचटणी लागली की झोंबायचा. धनाजी तेवढी चटणी उजव्या बाजूनं खायला शिकला आणि प्रश्न मिटला असं समजला.

मागच्या वर्षी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तोंड तपासणीचं शिबिर लागलं. दोन दिवस, तीन टेबलं, डॉक्टरांच्या हातात बॅटरी आणि छोटा आरसा. तपासून झालं की ज्याचं त्याच्या हातात कार्ड. पण शिबिराच्या आदल्या दिवशी मुकादम अजिनाथनं चहाच्या टपरीवर बातमी सोडली, की ज्याच्या तोंडात डाग निघेल त्याचं नाव ठेकेदाराकडं जाणार आणि नवीन करारात तो बसणार नाही. बातमी कुठून आणली ते अजिनाथला कुणी विचारलं नाही. खरं तर अशी यादी कुणाकडं जाणारच नव्हती. पण अजिनाथचं स्वतःचं तोंड गुटख्यानं एवढं आखडलं होतं की केळंसुद्धा तो मोडून खायचा, तेव्हा भीती त्याची खरी होती.

धनाजीनं सोमलिंगाच्या खांद्यावर हात टाकला. “सोमण्णा, तुजं तोंड म्हंजे देवळाचा गाभारा. माज्या नावानं एकदा उगड की.”

सोमलिंगाला नाही म्हणता आलं असतं तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

धनाजीची टोपी घालून, मास्क लावून तो पहिल्या टेबलावर बसला. तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली, आरामात गेली. जीभ वर, जीभ डावीकडं, गाल ताणून. कार्डावर लिहिलं गेलं, दोष आढळला नाही. ते कळल्यावर अजिनाथ आला. मग संगप्पा, जो होटगीहून रोज मोटरसायकलवर येतो आणि वाटेत तीनदा थुंकायला थांबतो. मग आणखी चौघं. दोन दिवसांत, टेबलं बदलून, शर्ट बदलून, सोमलिंगानं सात जणांसाठी तोंड उघडलं. डॉक्टरांना माणसाचं तोंड आतून बघायचं होतं, बाहेरून बघायला सवड कुणाला होती? संध्याकाळी सातही जणांनी त्याला भजी खाऊ घातली आणि खोखो हसले. सोमलिंगही हसला. एवढ्या लोकांच्या उपयोगी तो दोन दिवसांत कधी पडला नव्हता.

धनाजीनं कार्ड घरी नेऊन बायकोच्या, प्रियंकाच्या हातात दिलं. ती वर्षभर त्याच्यामागं लागली होती, एकदा सिव्हिलला दाखवा म्हणून. कार्ड वाचून तिनं ते देवघरातल्या फोटोच्या चौकटीत खोचलं. त्यानंतर चट्ट्याची जखम झाली, तरी तिनं कार्डावर विश्वास ठेवला. उष्णता असेल म्हणाली. सब्जा झाला, गुलकंद झाला, मेडिकलमधलं मलम झालं. जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तीन महिन्यांतही नाही. कडक भाकरी गेली, मग भिजवलेली गेली, मग वरणभात बोटानं आत ढकलायची पाळी आली. तिनं एकदोनदा विषय काढला, तर धनाजीच कार्डाकडं बोट दाखवायचा. खरं काय ते त्याला माहीत होतं. पण रोज तेच कार्ड दाखवून दाखवून त्यालाही ते आपलंच वाटायला लागलं असावं.

हे सगळं भिंतीपलीकडं सोमलिंगाला ऐकू येत होतं. त्यानं दोनदा धनाजीला बाजूला घेऊन सांगितलं, की बाबा, आता खरं दाखवून ये. धनाजीनं दिवाळी होऊ दे म्हटलं, मग गड्ड्याची यात्रा होऊ दे म्हटलं. सोमलिंगानं यात्राही होऊ दिली.

दहाव्या महिन्यात जबड्याखाली गाठ आली, तेव्हा प्रियंकानंच रिक्षा बोलावली. तुकडा तपासला, रिपोर्ट आला. डॉक्टरांनी जुनं कार्ड उलटंपालटं करून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. दहा महिन्यांपूर्वी नुसता चट्टा होता तेव्हा आला असता, तर बहुतेक तेवढ्यावर निभावलं असतं, म्हणाले. ह्या कार्डावर काहीच नाही असं कसं, तेवढं मला कळत नाही. सोमलिंग तिथंच होता, पाण्याची बाटली धरून. तो बाटलीचं झाकण फिरवत राहिला.

धनाजीचा अर्धा जबडा काढला. मग रेडिएशनचे शेक दिले. गल्लीतला सगळ्यात गप्पिष्ट माणूस आता पोरीच्या पाटीवर खडूनं लिहायला लागला.

आणि बोलायला लागली प्रियंका. नळावर, किराणा दुकानात, आरोग्य खात्याची आशाताई दिसेल तिथं. शिबिरं म्हणजे नाटक, फोटो काढून जातात, तोंडात बघतसुद्धा नाहीत. माझ्या माणसाचं तोंड सडत होतं आणि कार्डावर दोष नाही लिहून दिलं. तिचं दुःख समोर दिसत होतं, त्यामुळं बायका ऐकायच्या. दवाखान्याच्या लोकांनी गल्लीच्या समाजमंदिरात तपासणी ठेवली होती पुढच्या सोमवारी. आशाताई घरोघर नावं घ्यायला फिरली तर एकही दार धड उघडलं नाही. मिशरी लावणाऱ्या म्हाताऱ्यांनी तर आनंदानं नकार दिला. त्यांना कारणच हवं होतं. गोजाबाईनंही नाव दिलं नाही. तिच्या हिरड्यांवर चार महिने काहीतरी लाल होतं, आणि ते सोमलिंगाला रोज सकाळी चूळ भरताना दिसत होतं.

शनिवारी सुट्टी होती. सोमलिंग पलीकडच्या दारात गेला. प्रियंका धनाजीसाठी पेज गाळत होती, धनाजी कॉटवर पाटी घेऊन. सोमलिंग उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, शिबिरात धनाजी बसलाच नव्हता.

तिला आधी कळेना. त्यानं पुन्हा सांगितलं, टोपीसकट, मास्कसकट.

प्रियंकानं गाळणी खाली ठेवली. “तुमचं तोंड किती येळा बगितलं त्यांनी?”

“सात येळा. माज्या नावानं आठवं.”

“आन् ह्यांचं?”

सोमलिंग उंबऱ्यापासून एक पाऊल मागं सरला.

“मी डॉक्टरास्नी शिव्या घातल्या, सोमण्णा. दहा म्हैनं सब्जा पाजला. तुमी भितीपलीकडं हुता की.”

धनाजीनं पाटीवर खरडून पाटी वर धरली. ‘मीच सांगितलं त्याला. त्याची चूक न्हाय.’ प्रियंकानं वाचलं, पदराचं टोक घेतलं आणि पाटी पुसून टाकली. मग पेज गाळायला घेतली. आता जा असं म्हणायचे तिनं कष्ट घेतले नाहीत.

रविवारी सोमलिंग उरलेल्या सहांच्या घरी सायकल मारत फिरला, आता स्वतःचं तोंड दाखवून या म्हणून सांगत. चौघांनी चहा पाजून वाटेला लावलं. अजिनाथनं दारातच ऐकून घेतलं, आखडलेल्या तोंडातून जेवढं नीट बोलता येईल तेवढं नीट बोलून सांगितलं की उद्यापासून कामावर येऊ नको. संगप्पा तेवढा घाबरला आणि सिव्हिलला गेला. त्याच्याही गालात चट्टा निघाला, पण वेळेत. तेवढा भाग काढला, मावा बंद, दर तीन महिन्यांनी दाखवायला ये म्हणाले. माणूस वाचला म्हणायचा. त्या दिवसापासून संगप्पा सोमलिंगाशी बोलत नाही. लोकांना सांगतो, काय नव्हतं तवा सुखात हुतो, ह्या माणसानं जिवाला घोर लावला.

सोमवारी समाजमंदिरात तपासणी झाली. सगळ्यांना वाटलं होतं प्रियंका फिरकणार नाही. ती सगळ्यांच्या आधी आली आणि दारातल्या टेबलापाशी आशाताईच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. काय घडलं होतं ते तिनं नळावर, दुकानात, जिथं जिथं शिव्या घातल्या होत्या तिथं जाऊन एकदा सांगून घेतलं होतं, एका दमात, रडं न काढता. त्यानंतर बायका आल्या. मिशरीवाल्या म्हाताऱ्याही पदर तोंडाला लावून आल्या. गोजाबाई आली. तिला सिव्हिलची चिठ्ठी मिळाली. पुढं काय निघतंय ते तुकडा तपासल्यावर कळेल.

प्रियंका एकेकाचं नाव विचारी, चेहऱ्याकडं बघे, मास्क खाली घ्यायला लावी, आणि मगच आत सोडी. पंधरा वर्षं एका नळावर पाणी भरलेल्या बायांनासुद्धा.

पुरुषांच्या रांगेत सोमलिंगही होता. टेबलापाशी आल्यावर त्यानं स्वतःचं नाव सांगितलं. प्रियंकानं वहीतून मान वर केली नाही, नुसता हात पुढं केला.

“आधार कार्ड.”

सोमलिंगानं खिसे चाचपले. घरी राहिलंय म्हणाला.

“मग घिऊन या.”

रांगेतलं कुणीतरी हसायला गेलं आणि मधेच थांबलं. सोमलिंग घरी गेला, ट्रंकेतनं कार्ड काढलं, आणि परत येऊन रांगेत उभा राहिला. तोपर्यंत त्याच्यापुढं आणखी अकरा माणसं लागली होती.