नाना आणि गच्चीवरचं फॉन्ड्यू

माझे सासरे आमच्या घरात राहायचे, पण आमच्यासोबत जेवायचे नाहीत.

आज नानांना जाऊन वर्ष झालं. सकाळी विधी झाले, पाहुणे आपापल्या गावी गेले. आता निवांत बसलेय, तर लिहिते.

नाना मूळचे सटाण्याकडचे. ओझरच्या विमान कारखान्यात नोकरी केली, रिटायर झाल्यावर नाशिकला आमच्याकडे आले. सोबत आई होत्या, म्हणजे माझ्या सासूबाई.

मग आई गेल्या.

तेव्हापासून नाना ताट घेऊन आपल्या खोलीत जायचे. भांडण नाही, राग नाही. जेवून ताट स्वतः घासून ठेवायचे.

संदीपने, माझ्या नवऱ्याने, बरेचदा विचारलं. ते म्हणायचे, बरं वाटतं खोलीत. मीही दोनदा विचारलं. मग विचारणं सोडलं.

अशाच एका डिसेंबरात संदीपचा बर्थडे होता. गंगापूर रोडच्या एका वायनरीत आम्ही चीज फॉन्ड्यू, म्हणजे वितळत्या चीजमध्ये पावाचे तुकडे बुडवून, खाल्लं होतं, ते त्याला फार आवडलं होतं. म्हटलं, घरीच करू. ऑफिसात गिफ्ट मिळालेली कोळशाची ग्रिल गच्चीत तशीच पडून होती.

पिंपळगावच्या मैत्रिणीच्या बागेतून द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या आणल्या. वाळलेल्या काड्या निखाऱ्यांवर टाकायच्या, वर लोखंडी कढईत चीज वितळवायचं, झाकण थोडं तिरकं ठेवायचं. म्हणजे धुराचा वास आत उतरतो. थिअरी सोपी होती.

प्रत्यक्षात धूर चीजमध्ये कमी आणि खाली नानांच्या खिडकीत जास्त गेला.

नाना वर आले. स्वेटर, कानटोपी, डोळे चोळत.

"हाई काय शे?"

मी सांगितलं. किसलेलं चीज, थोडं कॉर्नफ्लोअर, लसूण, व्हाइट वाइन.

"दारू?"

"उकळली की उडून जाते, नाना."

ते पुढे आले. कढईत डोकावले. चीजचा रबरासारखा गोळा झाला होता आणि कडेने तेल सुटलं होतं. संदीप म्हणाला, पिझ्झा मागवू या. नानांनी चिमटा हातात घेतला आणि अर्धे निखारे बाजूला सारले. मी वाइनचा अजून एक घोट ओतला आणि हलवत राहिले. बऱ्याच वेळाने ते एकजीव झालं. अगदी हॉटेलसारखं नाही, पण झालं.

नाना म्हणाले, माझं वाटीत दे, खाली नेतो.

आता इथे मी फार हुशारी केली असं कुणी समजू नका. जे खरं होतं तेच बोलले.

"नाना, हे खाली नेता येत नाही. विस्तवावरून काढलं की लगेच घट्ट होतं. इथेच बसून खावं लागतं."

ते जिन्याच्या दाराशी उभे राहिले. मला वाटलं, राहू दे म्हणतील आणि जातील.

मग त्यांनी कोपऱ्यातली बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले.

पाव नको म्हणाले. सकाळची बाजरीची भाकरी होती, ती आणली. तुकडा काट्याला टोचला, कढईत बुडवला. सगळ्यांनी एकाच भांड्यात बुडवायचं हे काही त्यांना पटलं नव्हतं. तुकडा बोटांनी काढून घ्यायचे, मग खायचे. काटा तोंडाला लावला नाही.

चार-पाच तुकडे झाले.

मग संदीपला म्हणाले, "तुझी आई असती तर म्हणाली असती, पिठलं लागलंय."

संदीप हसला. आणि मग रडला. आई गेल्यापासून नानांनी त्यांच्याबद्दल काढलेला तो पहिला शब्द होता.

नाना निखाऱ्यांकडे बघत होते. माझ्याशी बोलायचं असलं की ते त्यांच्या अहिराणी बोलीत बोलायचे.

"टेबलवर तिनी खुर्ची दिखस, बेटा. आठे कोन्हीच जागा ठरेल नही."

इथे गच्चीवर कुणाचीच जागा ठरलेली नव्हती, पण टेबलावर होती आईंची खुर्ची. खिडकीजवळची. आम्ही ती रोज पुसत होतो, तिच्यावर कुणी बसत नव्हतं. मान म्हणून तशी ठेवली होती. टेबलावर बसलं की नानांना ती प्रत्येक घासाला समोर दिसणार होती, हे आम्हाला कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते परत ताट घेऊन खोलीत गेले. एका कढईने माणूस बदलत नाही.

पण त्या रविवारी संदीपने डायनिंग टेबल खुर्च्यांसकट त्याच्या मित्राला देऊन टाकलं. आम्ही हॉलमध्ये सतरंजी घालून जेवायला लागलो. जो येईल तो मिळेल तिथे बसायचा.

दोन दिवस नाना दारातून बघून गेले. तिसऱ्या दिवशी ताट घेऊन आले आणि संदीपच्या शेजारी बसले. मी भाजी वाढली.

पुढे दोन हिवाळे गच्चीवर फॉन्ड्यू झालं. नाना त्याला 'फोंडू' म्हणायचे. ओझरच्या दोन मित्रांना बोलावून खाऊ घातलं, वर ठेच्याचा गोळा टाकून. एक मित्र म्हणाले, चांगलं चीज वाया घालवलं. नानांनी त्यांना अजून वाढलं.

गेल्या वर्षी हार्टचा त्रास वाढला. जिना बंद झाला. पण जेवायला सतरंजीवरच बसायचे. उठताना संदीप हात द्यायचा.

शेवटच्या रात्री वरण-भात होता, मेथीची भाजी होती. भात थोडाच घेतला. भाजी चांगली झालीय म्हणाले. हात धुतले, औषध घेतलं, झोपायला गेले.

सकाळी उठले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नसणार.

ते शेवटचं जेवण आम्ही तिघं एकत्र जेवलो होतो. एवढंच सांगायचं होतं.

नाना, नमस्कार करते.

तुमची सून.