सुरैयाभाभी पुढच्या सीटवर

रियाधच्या अल मलाझ भागातल्या आमच्या इमारतीत सुरैयाभाभी खालच्या मजल्यावर राहते, मी तिच्या बरोबर डोक्यावर. ती माझ्याहून वयाने मोठी, पण आमच्यात अहो-जाहो कधी आलंच नाही. ती दाभोळची, मी साताऱ्याकडची. तिच्या नवऱ्याला, कादिरभाईंना, सगळं रियाध एसी दुरुस्त करणारा माणूस म्हणून ओळखतं असं तीच अभिमानाने सांगते. इथे एसीवाल्याने उन्हाळ्यात रजा मागणं म्हणजे लग्नघरातल्या आचाऱ्याने मांडव सोडून जाणं. त्यामुळे मुलांच्या उन्हाळी सुट्ट्या घरातच गेल्या. फिरणं व्हायचं ते थंडीत, ईदच्या सुट्टीत, जुन्या पांढऱ्या कोरोलातून.

यंदा कादिरभाईंनी ठरवलं, "खलास, आता दाभोळ." थंडीच्या आधी कायमचं परत जायचं. ते ऐकून त्यांची मुलगी अफशाँ म्हणाली, "मग जायच्या आधी एकदा आपण चौघं कुठेतरी जाऊ. फ्रान्सला जाऊ. गाडी भाड्याने घेऊ आणि दोन आठवडे नुसतं फिरू."

अफशाँ हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. बायकांना इथे लायसन्स मिळायला लागलं तेव्हा पहिल्या वर्षातच तिने ते काढलं आणि तेव्हापासून तिला लांबच्या रस्त्यांची भूक लागली आहे. धाकटा हाशिर आर्किटेक्चर शिकतो. त्याला तिथले जुने पूल बघायचे होते.

एका शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर सगळे हॉलमध्ये जमले. मी थालीपीठं घेऊन खाली गेले तर टीव्हीवर फ्रान्सचा नकाशा लावलेला. हाशिर उभा राहून समजावत होता, "अम्मी, देखो, पहले पॅरिस. फिर नीचे बोर्दो. फिर समुंदर के पास. वापसी में लिऑन."

"आणि जेवण?" भाभीने विचारलं. "मी सुके बोंबील घेते थोडे."

"अम्मी, नो! हॉटेलवाले बाहेर काढतील आपल्याला."

सगळे हसले, भाभीही हसली. मग हाशिरने गाडीचा फोटो लावला आणि कोण कुठे बसणार ते सांगितलं. अफशाँ चालवणार, तो फोन घेऊन तिच्या शेजारी, अब्बा आणि अम्मी मागे, आरामात.

भाभीने थालीपीठाचं ताट उचललं आणि म्हणाली, "तुम्ही तिघं जाऊन या. मी घरीच राहते. मला गुडघे त्रास देतात."

तिचे गुडघे ठणठणीत आहेत हे मला माहीत होतं. रोज दोनदा जिना चढून ती माझ्याकडे येते. मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

"काय झालं गं?"

तिने उरलेली थालीपीठं डब्यात काढली आणि ताट विसळायला घेतलं. मग म्हणाली, "ममता, पाठी बसून मी काय करू? मी कधी पाठी बसले नाही."

मला एकदम बुरैदा गावाकडची ती जुनी ईद आठवली. हाशिरचा जन्म व्हायचा होता, अफशाँ चारेक वर्षांची. कादिरभाईंचं एक गिऱ्हाईक, बुरैद्याकडचा शेतमालक, त्याने सगळ्यांना शेतावर बोलावलं होतं. आम्हा दोघांनाही त्यांनी बरोबर घेतलं. निघताना माझे मिस्टर, विश्वनाथ, सवयीने पुढचं दार उघडून बसायला लागले. कादिरभाई म्हणाले, "विश्वनाथ, तू पाठी बस. सुरैया पुढे बसल्याशिवाय माझी गाडी चालत नाही."

खरंच चालत नव्हती. हमरस्त्यावरच्या पाट्या दोन्ही भाषांत असायच्या, पण आत शेतांकडे वळलं की फक्त अरबी. कादिरभाई लहानपणी मदरशातून पळून खाडीवर जायचे, त्यामुळे ती अक्षरं त्यांना लागत नसत. भाभी मात्र मन लावून शिकलेली. अर्थ फारसा कळत नसे, पण अक्षर ती सोडायची नाही. अडचण एकच होती. कुराणातल्या अक्षरांना जेर-जबरच्या, म्हणजे आपल्या काना-वेलांटीसारख्या, खुणा असतात, रस्त्यावरच्या पाट्यांना नसतात. म्हणून ती प्रत्येक गावाचं नाव दोन-तीन तऱ्हांनी म्हणून बघायची, "बरीदा... बरैदा... हां, बुरैदा!" आणि आम्ही मागून टाळ्या वाजवायचो.

त्या दिवशी आतल्या रस्त्यावर धुळीचं वादळ आलं. पुढचं काही दिसेना. कादिरभाईंनी गाडी जवळजवळ चालत्या माणसाच्या वेगाने नेली आणि एका फाट्यावर थांबवली. पाटी होती, पण धुळीने भरलेली. भाभी तोंडाला ओढणी गुंडाळून उतरली. अबायाच्या बाहीने तिने पाटी पुसली, बोट फिरवत वाचली आणि परत येऊन बसली. भुवया, पापण्या सगळ्या पिवळ्या झाल्या होत्या.

"डावीकडे अर्रस आहे. आपल्याला तिथे नाही जायचं. सरळ चला."

आम्ही सरळ गेलो. शेतावर त्या लोकांनी आम्हाला हात धुवायलाही उठू दिलं नाही, असं आदरातिथ्य केलं. अफशाँ सगळा रस्ता माझ्या मांडीवर झोपलेली होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

म्हणून त्याच संध्याकाळी मीच अफशाँला ते सगळं सांगितलं. ती ड्युटीला निघाली होती, तिला जिन्यात गाठून. ऐकून ती म्हणाली, "ममता आंटी, मला वाटायचं अम्मी पुढे बसते कारण तिला मागे मळमळतं. मी त्याच्या गोळ्याही आणून ठेवल्या होत्या."

पुढच्या शुक्रवारी तिने हाशिरला सरळ सांगितलं, "तू मागे. गाडी सुरू झाली की तू घोरायला लागतोस. मला शेजारी जागं माणूस हवं." हाशिरने कुरकुर केली, पण ते खोटं नव्हतं. भाभी आधी नको-नको म्हणाली. "मला फ्रेंच कुठे येतं?"

"अरबी तरी कुठे येत होतं? वाच फक्त."

मग शिकवणी सुरू झाली. इंग्रजी अक्षरं भाभी मुलांच्या शाळेच्या पुस्तकांवरून शिकलेली. अफशाँ फोनवर तिकडच्या पाट्यांचे फोटो शोधून दाखवायची. बोर्दोपाशी भाभी अडली. "एवढी अक्षरं आणि म्हणायचं नुसतं बोर्दो? बाकीची कुठे गेली?"

"गिळायची, अम्मी."

भाभी विचारात पडली. मग खुलली. "अर्रससारखंच की! त्यातही लाम, आपला ल, लिहितात आणि म्हणत नाहीत." पुढची पाटी टोलनाक्याची होती. त्यातल्या अक्षराच्या डोक्यावर छोटी तिरकी रेघ बघून ती ओरडलीच, "अगो, ह्यांना जेर-जबर आहेत!" तेव्हापासून तिचे गुडघे दुखले नाहीत.

कादिरभाईंचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपायला अजून अवकाश होता, व्हिसे मिळाले, आणि भर जुलैत, रियाधमधले एसी धापा टाकत असताना, तो माणूस विमानात बसला.

ते परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी कादिरभाई वर आमच्याकडे चहाला आले. मी विचारलं, कसा होता फ्रान्स? पूल, किल्ले, समुद्र, सगळं सोडून ते एका चौकाचं सांगत बसले. कुठल्याशा छोट्या गावाबाहेरचा गोल चौक, मध्ये फुलझाडं, आणि खांबावर एकाखाली एक पाट्याच पाट्या. फोनला रेंज नव्हती. सुरैया वाचायला लागली, पण पाट्या पुष्कळ. अफशाँने चौकाला एक फेरी मारली. सुरैया अजून मधल्या पाटीवर. अफशाँने दुसरी फेरी मारली. मागून एका ट्रकवाल्याने हॉर्न दिला. हाशिर जागा होऊन विचारायला लागला, आपण कुठे आहोत?

"आणि अफशाँ?" मी विचारलं.

"ती म्हणाली, सावकाश वाच, अम्मी, मी फिरते आहे." कादिरभाईंनी कप खाली ठेवला. "मी पाठी बसून बघत होतो. इतकी वर्षं मी रस्ता बघितला, ममता. वाचताना तिचे ओठ हलतात, ते मला माहीतच नव्हतं."