घाटात एसी चालू ठेवा

राजूर घाट चढताना गाडीच्या स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली : ‘चेक हायब्रीड सिस्टिम’. त्याच क्षणी माझा फोन वाजला.

‘‘मॅडम, कुठे पोचलात?’’ बुलडाण्याहून डॉ. वानखडे विचारत होती. ती बाळंतपणाची डॉक्टर, नातवंडांनो, तुमच्या आईच्या वयाची. ‘‘बाळाचे ठोके खाली जाताहेत. ऑपरेशन थिएटर तयार आहे. फक्त तुम्ही नाही आहात.’’

‘‘घाटात आहे. येतेच.’’

येतेच म्हटलं खरं, पण पोचेन की नाही हे मला माहीत नव्हतं.

मुलांनो, तुमची आजी भूलतज्ज्ञ आहे. पेशंटला भूल दिल्याशिवाय सर्जनला सिझेरियन करता येत नाही. लहान गावांत प्रत्येक हॉस्पिटलला स्वतःचा भूलतज्ज्ञ परवडत नाही. फोन आला की आम्ही निघतो. त्या दुपारी बुलडाण्यातले भूलतज्ज्ञ दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकले होते, म्हणून मी मलकापूरहून निघाले. पेशंट पहिलटकरीण होती. तिचं नावही मला ठाऊक नव्हतं. वजन आणि बीपी तेवढं विचारून घेतलं होतं.

माझी गाडी हायब्रीड, आणि तीही वापरलेली. अकोल्याच्या एका प्राध्यापकांकडून घेतली. अशा गाडीत पेट्रोलचं इंजिन असतं आणि शिवाय एक मोठी बॅटरी. माझ्या गाडीत ती मागच्या सीटखाली आहे. चढावर दोघं मिळून गाडी ओढतात. गाडी घरी आणली तेव्हा माझा ड्रायव्हर गजानन म्हणाला होता, ‘‘हायब्रीड म्हन्जे ज्वारीवानी काय मॅडम? पीक लय, चव नाही!’’

आता तो हसत नव्हता. ‘‘मॅडम, गाडी ओढूनच नाही राह्यली. पाय पुरा दाबला म्या.’’

मागचा ट्रकवाला सारखा हॉर्न देत होता. डावीकडे कठडा, पलीकडे दरी. मे महिन्याचं ऊन. गजाननने झटकन एसी बंद केला आणि काचा खाली घेतल्या. आपल्याकडे चढ लागला की प्रत्येक ड्रायव्हर हेच करतो. इंजिनावरचा भार कमी होतो म्हणतात. भट्टीसारखी हवा आत आली. गाडी आणखी मंदावली. शेवटी कडेला थोडी रुंद जागा मिळाली, तिथे ती कशीबशी घेतली. गजाननने उतरून चाकामागे दगड लावला.

ट्रकवाला शेजारी आला आणि खिडकीतून ओरडला, ‘‘काय झालं मावशी? बंद पडली का? येता का वर, चालत्या गाडीतच?’’

ट्रक सरकीने गच्च भरलेला, मुंगीच्या पावलाने चढत होता. ‘‘जरा थांबता का?’’ मी विचारलं.

‘‘इथं थांबलो तं पुन्हा उचलनार नाही मावशी!’’ आणि तो गेला. त्याच्यामागून एक जीप आली. ती इतकी भरलेली होती की माणसं मागे लटकत होती.

पुन्हा फोन. ‘‘मॅडम, नव्वद.’’

बाळाचे ठोके मिनिटाला एकशे दहाच्या खाली गेले की आम्ही घाबरतो. बॅगेत भुलीची औषधं होती, नळ्या होत्या, सगळं जागच्या जागी. आणि मी घाटात उभी.

तेवढ्यात मागच्या सीटकडून एक आवाज कानावर आला. बारीक, ताणलेला. गाडी चालूच होती. ऑपरेशन थिएटरमध्ये घशातलं पाणी ओढायची सक्शनची नळी मुडपली की मशीन असंच किंचाळतं : ओढतंय, पण काही येत नाही. कुठेतरी हवा अडली होती.

मी मागच्या सीटवर गुडघे टेकून चाचपत गेले. सीटच्या कडेला एका जागी कव्हर आत ओढलं गेलं होतं. गालाला खळी पडावी तसं.

‘‘गजानन, इथे खाली काय आहे?’’

‘‘जाळी हाय मॅडम. धूळ जाऊन राह्यली होती तिच्यात. म्हून कव्हरवाल्याले सांगतलं, पुरी झाकून दे. डबल रेक्झिन मारलं त्यानं. मजबूत!’’

आपण रिमोटला प्लास्टिक घालतो, मिक्सरला झबलं शिवतो. गजाननने गाडीवर तीच माया केली होती. फक्त ती जाळी म्हणजे बॅटरीचं नाक होतं. आतला फॅन तिथूनच गाडीतली हवा ओढून बॅटरी थंड ठेवतो. बॅटरी फार तापली की गाडी तिचा जोर काढून घेते.

मी बॅगेतली कात्री काढली आणि कव्हर फाडलं. जाळीवर धूळ आणि कापसाच्या तंतूंचा जाड थर बसला होता. तो बोटांनी ओढून काढला.

‘‘काचा वर कर. एसी फुल लाव.’’

‘‘एसी? घाटात? मॅडम, मंग तं चढनच नाही!’’

‘‘बॅटरी हीच हवा पिते, गजानन. आपण तिला चुलीची हवा पाजली. लाव.’’

मग वाट पाहणं. ते सगळ्यात वाईट. मी मनात औषधांचे डोस मोजत होते आणि पुन्हा पुन्हा चुकत होते. फोन वाजू नये असं वाटत होतं, आणि तो वाजत नव्हता म्हणून आणखी भीती वाटत होती.

हळूहळू ती किंचाळी उतरली. गजाननने दगड काढला, पाय दाबला. ‘‘चाल वं माय,’’ तो गाडीला म्हणाला. लाल अक्षरं तशीच होती, पण गाडीने ओढ घेतली. वरच्या वळणावर तो सरकीचा ट्रक आम्ही मागे टाकला.

बुलडाण्याला पोचले, भूल दिली. मुलगी झाली. निळसर, गप्प. तिच्या घशातलं पाणी ओढून काढलं, मास्कने श्वास दिला. मग ती रडली. आईला शुद्धीवर आणल्यावर मी तिचं नाव विचारलं. सुनीता.

अकोल्याच्या वर्कशॉपमध्ये गाडीचा फॅन उघडून साफ केला. बॅटरीचा एक भाग कमजोर झाला होता, तो बदलला. बाकीची धड निघाली. नव्या कव्हरला जाळीपुढे खिडकी ठेवली आहे. गजाननचा हात घाटात अजूनही एसीच्या बटणाकडे जातो.

निषाद, नातवा, तूही तू राहतोस तिकडे जुनी हायब्रीड बघतो आहेस असं तुझी आई म्हणाली. घे, हरकत नाही. किती किलोमीटर झाले हे सगळेच विचारतात. तू फॅन शेवटचा कधी साफ केला ते विचार. माझ्या बॅटरीची वॉरंटी केव्हाच संपली. आता वर्षातून दोनदा तो फॅन साफ होतो, तीच वॉरंटी.